चूल फुरफुरली, पाहुणा आला!

माझं आजोळ सावंतवाडीचं. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे गेलो की सकाळी मला उठवायचं काम चूल करायची. खरंच! मागच्या पडवीत आजीनं आंघोळीचं पाणी तापत ठेवलेलं असायचं. लाकडं चांगली पेटली की मधूनच आवाज यायचा, फुर्र्र्… फुर्र्र्… जणू चुलीत कुणी ओठ फुगवून हवा सोडतंय. आजी लगेच हातातलं काम थांबवून म्हणायची, "चूल फुरफुरता हां! आज कोणतरी येतला."

आणि कोणीतरी यायचंच. आता मे महिन्यात कोकणातल्या घरी कोणी ना कोणी येणारच की! पण तेव्हा मला वाटायचं, चुलीला आधी कळतं तरी कसं?

एके दिवशी ठरवलं, हे फुरफुरणारं कोण आहे ते बघायचंच. चुलीसमोर पालथा पडलो आणि जाळाकडे टक लावून बघत राहिलो. एका लाकडाला टोकाशी चीर गेली होती. त्या चिरेतून पांढुरकी वाफ जोरात बाहेर येत होती, कुकरच्या शिट्टीतून येते तशी. थोडं पुढे गेल्यावर ती वाफ पेटत होती आणि तिथेच आवाज होत होता, फुर्र्र्! पण गंमत पुढेच आहे. ज्योत लाकडाला चिकटलेली नव्हतीच. लाकूड आणि ज्योत यांच्यात चांगली बोटभर जागा रिकामी होती.

म्हणजे जळत होतं ते लाकूड नव्हे. लाकडातून बाहेर पडणारं काहीतरी जळत होतं. आजीचा पाहुणा सापडला होता!

पाहुण्याचं नाव काय?

त्याचं नाव गॅस. सिलिंडरमध्ये असतो तो नव्हे, त्याचा रानातला चुलतभाऊ. लाकूड तापलं की त्याच्यातून असे बरेच जळाऊ वायू आणि वाफा बाहेर पडतात. आपण म्हणतो 'लाकूड जळतंय', पण ज्योत दिसते ती या वायूंची.

विश्वास बसत नाही? मग मेणबत्तीला विचारू. घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवा. मेणबत्ती लावा, दोन मिनिटं जळू द्या आणि मग फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाईल. मोठ्या माणसानं पेटती काडी त्या रेघेत धरायची. वातीला लावायची नाही हं, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. टुणकन ज्योत खाली उडी मारते आणि वात पेटते! म्हणजे तो धूर नुसता धूर नव्हता. ती मेणाची वाफ होती आणि ज्योत त्या वाफेवरून घसरगुंडीसारखी खाली आली.

मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाचं या मेणबत्तीवर फार प्रेम. १८६० सालच्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं खास मुलांसाठी व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर! त्यात त्यानं ज्योतीच्या मधोमध काचेची वाकडी नळी धरली. आतली वाफ नळीतून दुसऱ्या टोकाला आली आणि तिथे त्यानं ती पेटवून दाखवली. मेणबत्ती इथे, तिची ज्योत तिथे. घरोघरी गॅस पोचवायचा म्हणजे तरी दुसरं काय करायचं?

लाकडाचं तीन अंकी नाटक

आता लाकूड कसं जळतं ते बघू. हे नाटक आहे तीन अंकी.

पहिला अंक रडका. लाकडात पाणी असतं. बाहेरून वाळलेलं दिसलं तरी आत असतंच. आधी ते उडून जावं लागतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की टोकाला फेस येतो, चर्र चर्र होतं आणि आजीच्या डोळ्यांतून पाणी. सगळी आच पाणी उकळण्यातच खर्च!

दुसरा अंक पाहुण्याचा. लाकूड दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्याच्या आतले मोठमोठे रेणू तुटायला लागतात. त्यांचे तुकडे वायू होऊन बाहेर पळतात. पाचशे अंशांपर्यंत हा पळापळीचा खेळ चालतो. सुक्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग असा वायू आणि वाफ होऊन निघून जातो. एक किलो लाकडातलं पाऊण किलो हवेत! मोठ्या पिवळ्या ज्योती दिसतात त्या याच अंकात.

तिसरा अंक शांत. सगळे पाहुणे गेले, मागे उरला कोळसा. तो ज्योत न करता लालबुंद धुमसतो. फार तर त्याच्यावर छोटीशी निळी ज्योत नाचते. शेवटी उरते राख. पडदा!

मग धूर म्हणजे काय? दुसऱ्या अंकातला पाहुणा आला, पण त्याला पुरेशी आच मिळाली नाही किंवा वेळेवर हवा मिळाली नाही, तर तो न पेटताच निघून जातो. धूर म्हणजे चहा न घेता परतलेला पाहुणा! त्याच्यातली उष्णता फुकट गेली ती गेलीच, वर जाता जाता तो भिंती काळ्या करतो आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं घरातल्या अशा धुरामुळे दगावली. म्हणून या पाहुण्याला दारातच गाठून पेटवणं फार महत्त्वाचं.

बाटली, भुसा आणि माझी फजिती

आमच्या आजोळी चुलीच्या शेजारी आणखी एक वस्तू असायची, भुशाची शेगडी. सावंतवाडी म्हणजे लाकडी खेळण्यांचं गाव. चितार आळीत लाकडी फळं, भोवरे, पोळपाट-लाटणी मांडलेली दिसतात. जिथे लाकूडकाम, तिथे भुसा! करवतीखालचा, रंध्याखालचा. वखारीतून आजोबा पोतंभर भुसा आणायचे.

ती शेगडी म्हणजे पत्र्याचा गोल डबा. वरून उघडा आणि खाली एका बाजूला भोक. शेगडी भरायचं काम माझं. डब्याच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी करायची. खालच्या भोकातून एक गोल दांडा आत सरकवून बाटलीच्या बुडाशी टेकवायचा. मग बाटलीभोवती भुसा टाकायचा आणि ठोकायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ठोकायचा. डबा भरला की दांडा ओढून काढायचा आणि बाटली गोल गोल फिरवत अलगद वर घ्यायची. आजी मागून ओरडायची, "हळू काड रे, नायतर भुसो ढासळतलो!"

मी घाई करायचो आणि भुसा ढासळायचा. पुन्हा पहिल्यापासून!

पण जमलं की भुशात एक सुरेख भुयार तयार व्हायचं. खालच्या भोकापासून आत, आणि तिथून सरळ वर. खालून कागदाचा बोळा पेटवून सरकवला की थोडा वेळ धूर आणि मग एकदम भुयारातून ज्योत वर यायची. ती दोन-तीन तास जळत राहायची. ना फुंकणी लागायची, ना लाकूड पुढे सरकवावं लागायचं. डाळ शिजायची, भात व्हायचा, दूधही तापायचं.

लहानपणी मला ही जादू वाटायची. हाच भुसा मूठभर घेऊन चुलीत टाकला तर जाळ गुदमरतो. मग डब्यात तो इतका शहाण्यासारखा का वागतो? आता कळतं. भुयाराची भिंत तापते, भिंतीतून गॅस निघतो, खालच्या भोकातून हवा येते आणि दोघांची गाठ भुयारातच पडते. मागचा दाबून भरलेला भुसा हवेअभावी आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतो. ती शेगडी म्हणजे पत्र्याच्या डब्यातला छोटासा गॅसचा कारखानाच होता आणि त्याची पाइपलाइन मी बाटलीनं बनवत होतो!

मूठभर भुसा आणि एक फ्रेंच इंजिनिअर

भुशाच्या गॅसनं वेडा झालेला मी काही पहिला नव्हे. फ्रान्समध्ये फिलिप लबों नावाचा एक इंजिनिअर होता. असं सांगतात, की त्यानं एकदा काचेच्या चंबूत मूठभर भुसा घातला आणि चंबू विस्तवावर धरला. तोंडातून वायू यायला लागला, लबोंनं तो पेटवला आणि भक्कन उजेड पडला. चंबूच्या आत ज्योत नाही, बाहेर आहे!

लबोंला वाटलं, हाच गॅस नळीतून फिरवला तर? १७९९ साली त्यानं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं 'थर्मोलांप', म्हणजे ऊबही देणारा दिवा. एका बंद भांड्यात लाकूड तापवायचं, निघालेला गॅस धुऊन घ्यायचा आणि नळ्यांतून खोल्याखोल्यांत न्यायचा. १८०१ साली पॅरिसमध्ये त्यानं एक घर आणि बाग या दिव्यांनी उजळून दाखवली. लोक लांबून बघायला यायचे. पण त्या गॅसला वास फार यायचा आणि सरकारनंही फारसं मनावर घेतलं नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम मर्डॉकनं १७९२ सालीच दगडी कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळलं होतं. पुढे बाजी मारली ती दगडी कोळशानंच. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले तेही त्याच गॅसचे. लालबागला आजही गॅस कंपनी लेन आहे, तिकडे गेलात तर पाटी बघा.

अर्धपोटी ठेवा, मग बघा!

लबोंच्या युक्तीत एक अडचण होती. लाकूड तापवायला बाहेरून वेगळा विस्तव लागायचा आणि शेवटी कोळसा तसाच उरायचा. पुढच्या लोकांनी विचार केला, कोळशाचाही गॅस करता आला तर? त्यासाठी त्यांनी जे यंत्र केलं त्याला म्हणतात गॅसिफायर.

त्याचं गुपित सोपं आहे. विस्तवाला अर्धपोटी ठेवायचं! लाकूड पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तिच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच आत सोडायची. तेवढ्या हवेत थोडं लाकूड जळतं आणि आच तयार होते. त्या आचेनं बाकीच्या लाकडातून गॅस निघतो. मग हा सगळा गॅस लालबुंद कोळशांच्या थरातून न्यायचा.

त्या थरात मोठी गंमत घडते. जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे पोट भरलेला वायू, तो पुन्हा जळत नाही. पण आठशे-नऊशे अंशांचा भुकेला कोळसा त्याच्या हातातला एक ऑक्सिजन हिसकावून घेतो. मग दोघांचाही होतो कार्बन मोनॉक्साइड आणि तो मात्र जळतो! पाण्याच्या वाफेचंही तसंच. कोळसा तिचा ऑक्सिजन पळवतो, मागे राहतो हायड्रोजन. तोही मस्त जळतो. जे दोघं विस्तव विझवायच्या कामाचे, ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड इथे इंधन होऊन बाहेर पडतात!

एक किलो सुक्या लाकडापासून साधारण दोन ते अडीच घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भरून! पण हुरळून जाऊ नका. हवेबरोबर आत शिरलेला नायट्रोजन या गॅसमध्ये जवळजवळ निम्मा असतो आणि तो पठ्ठ्या जळत नाही. दुधात निम्मं पाणी घातल्यासारखा हा पातळ गॅस.

तरीसुद्धा त्यानं एके काळी मोटारी पळवल्या! दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात मोटारींच्या पाठीवर बंबासारखी नळकांडी बसली. जॉर्ज अँबेर नावाच्या इंजिनिअरनं १९२०च्या दशकात केलेल्या गॅसिफायरची ही पिलावळ. स्वीडनमध्ये अशा ७० हजारांवर गाड्या होत्या आणि जर्मनीत युद्धाच्या शेवटी सुमारे पाच लाख. साधारण तीन किलो लाकूड म्हणजे एक लिटर पेट्रोल, असा हिशोब. आपल्याकडेही तेव्हा 'सर्व्हिस मोटारी', म्हणजे उतारूंच्या गाड्या, कोळशाच्या गॅसवर धावायच्या. घरात पणजोबा असतील तर विचारा. गाडी सुटण्याआधी क्लीनर पंख्याचा दांडा गरागरा फिरवून भट्टी फुलवायचा आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलायची!

गॅसवाली चूल, सिलिंडरशिवाय

मोटारीचं राहू द्या. आजीच्या चुलीत ही युक्ती आणता येईल का? आली आहे!

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली 'आरती' नावाची संस्था सुरू केली. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे आजोबा आणि लेखिका इरावती कर्वे या आई. पालापाचोळा, उसाचं पाचट, लाकडाचे तुकडे अशा 'कचऱ्या'तून इंधन काढायचं, हा या संस्थेचा ध्यास. तिथल्या गॅसिफायर शेगडीचं नाव आहे 'संपदा'.

अशी शेगडी दिसायला पाण्याच्या पिंपाच्या धाकट्या भावासारखी. आत लाकडाच्या ढलप्या भरायच्या आणि पेटवायच्या कुठून? वरून! चुलीत आपण खालून पेटवतो, इथे उलटं. वरचा थर पेटला की आच हळूहळू खाली सरकते. खालच्या बारीक भोकांतून जेमतेम हवा येते, अर्धपोटी ठेवायची तीच युक्ती. खालच्या ढलप्यांतून निघालेला गॅस वरच्या तापलेल्या कोळशांतून गाळून येतो. तोंडाशी आला की तिथे गोलाकार भोकांची रांग असते. त्या भोकांतून ताजी हवा येते आणि प्रत्येक भोकाशी एकेक ज्योत उभी राहते. वरून बघितलं तर थेट गॅसच्या बर्नरसारखं कडं! आच नीट लागली की धूर जवळजवळ दिसत नाही, कारण पाहुण्याला दारातच गाठलेलं असतं.

शेवटी पिवळ्या ज्योती बसतात आणि ठेंगणी निळी ज्योत उरते. ही खूण, की गॅस संपला, आता कोळसा जळतोय. तेव्हाच शेगडी विझवून कोळसा काढून घेतला तर किलोभर लाकडातून दोनशे ग्रॅमच्या आसपास कोळसा हाती लागतो. स्वयंपाकही झाला आणि कणसं भाजायला कोळसाही मिळाला!

आणि नुसता भुसा असेल तर? तो असा ओतून चालत नाही, हवेची वाटच बंद होते. म्हणून त्याला यंत्रात प्रचंड दाबून कांड्या करतात. बाजारात त्यांना 'व्हाइट कोल' म्हणतात, रंग तपकिरी असला तरी! त्यात गोंद घालावा लागत नाही. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो दाबानं आणि उष्णतेनं मऊ होतो आणि भुशाला चिकटवून टाकतो.

मग हा गॅस सिलिंडरमध्ये का भरत नाहीत?

चांगला प्रश्न! स्वयंपाकाचा एलपीजी थोडा दाबला की पाण्यासारखा द्रव होतो, म्हणून छोट्या सिलिंडरमध्ये खूप मावतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हट्टी. घरातल्या तापमानाला कितीही दाबा, द्रव होतच नाहीत. म्हणून लाकडाचा गॅस जिथे बनवाल तिथेच, ताजा ताजा वापरायचा. गरम भजीसारखा!

चीनमधल्या शानडोंग प्रांतात १९९०च्या दशकात तो पाइपनं घरोघर पोचवून बघितला. गावात एक गॅसिफायर आणि त्यात शेतातली धाटं. पण गॅसबरोबर डांबरासारखा चिकट पदार्थही येतो. थंड झाला की तो नळ्यांत साचतो आणि नळ्या तुंबवतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर. कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला ना रंग, ना वास. तो श्वासातून रक्तात गेला की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. माणसाला डोकेदुखी, गुंगी येते आणि कळायच्या आत शुद्ध हरपते. म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे बंद खोलीत कधीही, अगदी कधीही ठेवायचे नाहीत. थंडी कितीही असो! विस्तवाची कुठलीही शेगडी असली तरी खिडक्या उघड्या हव्यात. आणि हो, गॅसिफायर घरी बनवायच्या भानगडीत पडू नका.

होळीचा गृहपाठ

त्यापेक्षा एक सोपा गृहपाठ देतो. त्याला काहीच लागत नाही, फक्त डोळे आणि कान.

येत्या होळीला नैवेद्य दाखवून झाला, बोंबा मारून झाल्या, की चार पावलं मागे उभे राहा आणि एकच लाकूड निवडून त्याच्याकडे बघत राहा. आधी ते रडेल. मग पांढुरका धूर सोडेल. मग एखाद्या चिरेतून वाफेचा झोत येईल आणि लाकडापासून बोटभर अंतरावर पेटेल. ती रिकामी जागा शोधा. ती दिसली की कान द्या.

फुर्र्र्!

शेजारचं कोणी विचारेल, "एवढं काय बघतोयस रे?" तेव्हा माझ्या आजीच्या भाषेत सांगा, "पावणो इलो!"